‘अठराखालील’: एका रकान्याची समीक्षा

(केडगाव, अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी एवढंच म्हणालो, की समीक्षेवर बोलतो. मराठीचा निवृत्त मास्तर म्हटल्यावर त्यांना वाटलं असणार, एखादी कादंबरी घेऊन येईल. मी तीन कागद घेऊन आलोय. पहिला, अपघाताची फिर्याद लिहितात तिचा नमुना. दुसरा, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी काढतं तो ‘भारतातील रस्ते अपघात’ हा अहवाल. तिसरा, शाळेचं जनरल रजिस्टर. या तिन्हींत रस्त्यावर गेलेली मुलं आहेत. आज प्रश्न एवढाच विचारायचा आहे, की हे कागद वाचून पुढचं मूल वाचवता येईल का?

कुणी म्हणेल, ही कसली समीक्षा? पण वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो, की उतारा वाचताना दोन गोष्टी बघा. लिहिणाऱ्याने काय लिहिलंय, आणि ठाऊक असूनही त्याने काय लिहिलेलं नाही. ही कसोटी कवितेला लावतो तशी सरकारी कागदाला लावायला काय हरकत आहे? कवितेत एखादा शब्द गळला तर कविता बिघडते. इथे गळला तर त्याची किंमत पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी मोजली जाते.

सुरुवात तिसऱ्या कागदापासून करतो, कारण तो माझ्या हातचा आहे.

शाळेचं रजिस्टर

जनरल रजिस्टर तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलंय. दाखला काढायला गेलं की क्लार्क तेच उघडतो. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती, वर्तणूक, आणि शेवटाकडे एक रकाना, ‘शाळा सोडल्याचे कारण’. तिथे बहुतेक वेळा ‘पालकांची बदली’ असतं, ‘पुढील शिक्षणासाठी’ असतं, नाहीतर ‘सतत गैरहजर’.

मी महामार्गाच्या कडेच्या एका शाळेत होतो. त्या वर्षी सातवीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडताना गेला. नाव सांगत नाही, आई-वडील आहेत अजून. मुख्याध्यापकाचा कार्यभार तेव्हा माझ्याकडे होता. महिनाभराने क्लार्कने रजिस्टर पुढे आणलं. म्हणाला, सर, कारणाच्या रकान्यात काय लिहू? मी म्हणालो, मयत लिही. त्याने लिहिलं आणि मी सही केली.

रकान्यात जागा होती हो. दोन ओळी सहज मावल्या असत्या. आणि लिहायला माझ्याकडे पुष्कळ होतं. एस.टी. रस्त्याच्या पलीकडे थांबायची. ती चुकली की पुढची दीड तासाने, म्हणून घंटा झाली की मुलं पळत सुटायची. त्या दिवशी फाटकासमोर उसाची ट्रॉली उभी होती. तिच्या आडून तो बाहेर आला, तो ट्रकवाल्याला दिसलाच नाही. हे आमच्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. लिहिलं कुणीच नाही. पुढच्या वर्षीही एस.टी. पलीकडेच थांबत होती आणि मुलं तशीच पळत होती.

त्यामुळे आज मी दुसऱ्यांच्या कागदांवर जे काही बोलणार आहे, ते आधी मला लागू आहे. एवढं कबूल करून पुढे जातो.

फिर्यादीचं व्याकरण

आता पहिला कागद. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य तोंडपाठ आहे. सदर इसमाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून मुलास धडक दिली व त्याच्या मरणास कारणीभूत झाला. धडक ट्रकने दिलेली असो की मोटारसायकलने, वाक्य तेच. कीर्तनात ‘पुंडलिक वरदे’ ठरलेल्या जागी येतं तसं ते येतं.

पोलिसांना मी हसत नाहीये. हे वाक्य कायद्याच्या मापाने शिवलेलं आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेची 279 आणि 304-अ ही कलमं होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 281 आणि 106 आली. कलमाला जे सिद्ध करावं लागतं तेच वाक्यात उतरतं. फिर्याद गुन्हा नोंदवण्यासाठी असते आणि तेवढं काम ती करते. अडचण पुढे आहे. अपघाताबद्दल आपल्याकडे जे काही ज्ञान जमा होतं, ते जवळजवळ सगळं या एका वाक्यातून गाळून येतं.

आता वाक्याचं व्याकरण बघा. कर्ता कोण? चालक. तो सापडला नाही तर ‘अज्ञात चालक’. मूल कुठे आहे? ‘मुलास’. म्हणजे धडक ज्याला बसली तो. तो कुठून कुठे चालला होता, चालत होता की सायकलवर, सोबत कोण होतं, याला वाक्यात जागाच नाही. आणि रस्ता? रस्ता आलाय, पण ‘परिस्थिती’ या एका शब्दात गुंडाळून. परिस्थिती कसली होती? दिवा बंद होता? झेब्रा पट्टे पुसले होते? दुभाजक कुणी हॉटेलासाठी फोडून वाट केली होती? कडेला चालायला जागा होती का? वाक्य म्हणतं, चालकाने परिस्थितीकडे दुर्लक्ष केलं. त्या परिस्थितीकडे त्याच्या आधी आणखी कुणी कुणी दुर्लक्ष केलं होतं, ते वाक्य विचारत नाही.

घटनास्थळाचा पंचनामा असतो, नकाशा असतो, मला माहीत आहे. चांगला अंमलदार असला तर त्यात रुंदी, वळण, टायरच्या खुणा सगळं येतं. पण तो पंचनामा खटल्याच्या फायलीत जाऊन बसतो. अशा शंभर फायली एकमेकींशेजारी ठेवून कुणी वाचत नाही.

मग होतं काय? ‘भरधाव’ हा शब्द ठाण्यातून जिल्ह्याला जातो, जिल्ह्यातून राज्याला, राज्यातून दिल्लीला. 2022 च्या राष्ट्रीय अहवालात रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी 71.2 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकलेले आहेत. वेग मारतो, याबद्दल मला शंका नाही. पण एवढ्या सगळ्या ठिकाणी वेग कुणी यंत्र लावून मोजलेला नव्हता. फिर्यादीतलं क्रियाविशेषण टक्केवारी होऊन परत येतं, आणि मग त्यावर आपण पोस्टर छापतो, ‘अति घाई संकटात नेई’. घाई कुणाला होती? आमच्या त्या मुलाला होती, एस.टी.ची. ती कुठल्या टक्केवारीत मोजायची?

‘अठराखालील’

आता दुसरा कागद, मुख्य कागद.

2022 च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी भारतात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. महाराष्ट्रात 15,224. देशभरात गेलेल्यांत 18 वर्षांखालची 9,528. म्हणजे दिवसाला 26. एका शाळेतला अर्धा वर्ग, रोज. 2019 साली हाच आकडा 11,168 होता.

आता वयाचा तक्ता कसा पाडलाय बघा. 18 ते 25, 25 ते 35, 35 ते 45, 45 ते 60, आणि 60 च्या पुढे. मोठ्यांना पाच रकाने. आणि मुलांना? एक. ‘18 पेक्षा कमी’. त्यापुढे एक ‘वय माहीत नाही’.

‘18 पेक्षा कमी’ या शब्दांकडे जरा थांबून बघा. यात मूल कोण आहे ते सांगितलेलं नाही, कोण नाही तेवढं सांगितलंय. अजून मोठा न झालेला तो मूल. या एका चौकटीत कोण कोण बसलंय? आईच्या मांडीवर, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेलं दहा महिन्यांचं बाळ. पेट्रोलच्या टाकीवर बसवलेली चार वर्षांची पोरगी. रस्ता ओलांडणारा आठ वर्षांचा मुलगा. सायकलवरून क्लासला चाललेली तेरा वर्षांची मुलगी. आणि वडिलांची बुलेट घेऊन निघालेला साडेसतरा वर्षांचा गडी. पाचही जणांना मरण वेगळ्या वाटेने आलं. बाळाला पट्टा हवा होता, पोरगीला टाकीवरून उतरवायला हवं होतं, मुलाला ओलांडायची जागा, सायकलवालीला कडेची पट्टी, आणि त्या गड्याच्या हातून चावी काढून घ्यायला हवी होती. पाच उपाय आहेत आणि आकडा एक. तो 11,168 वरून 9,528 वर आला, तर आनंद कशाचा मानायचा? यांतलं कोण वाचलं?

गंमत अशी, की आपला कायदा याहून बारीक बघतो. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम काढला आणि वर्षभराने तो लागू केला. 9 महिने ते 4 वर्षं वयाचं मूल दुचाकीवर असेल तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, हेल्मेट हवं, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर 4 वर्षांपुढच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. 14 खालच्या मुलाला मोटारीत पट्ट्याशिवाय नेलं तर 1,000 रुपये दंड आहे. 16 व्या वर्षी 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो. 18 खालच्याने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक जबाबदार, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. म्हणजे कायद्याने मुलाची पाच वयं मोजली आहेत. चौथं वर्ष, चौदावं, सोळावं, प्रत्येक उंबरठ्यावर नियम वेगळा. आणि तो नियम पाळून जीव वाचले का, हे ज्या तक्त्याने सांगायचं त्या तक्त्याला मूल एकच माहीत आहे. पट्ट्याच्या नियमाने चार वर्षांखालची किती मुलं वाचली, हे या तक्त्यावरून कुणालाही सांगता येणार नाही. पेपर काढला, तपासायची सोयच ठेवली नाही. मास्तर म्हणून हे मला फार लागतं.

दुसरं एक सरकारी पुस्तक आहे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं, अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचं. तिथे मुलांचे दोन भाग केलेत, 14 खालचे आणि 14 ते 18. तेवढं बरं. पण चार वर्षांचं आणि तेरा वर्षांचं मूल तिथेही एकत्रच.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. वय ठाऊक नसतं असं नाहीये. ठाण्याच्या कागदावर ‘वय 7 वर्षे’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. आई-बाप समोर बसलेले असतात, आधार कार्ड असतं, शाळेचा दाखला असतो. ते सात वर्षं ठाण्यातून निघतं आणि दिल्लीला पोचेपर्यंत ‘अठराखालील’ होतं. ही माहिती जमवण्याची अडचण नाही. जमलेली माहिती आपण गोळा करता करता पुसतो. ती न पुसण्यासाठी नवा कर्मचारी नको, नवं यंत्र नको. तक्त्यात चार रेघा जास्त मारायच्या आहेत.

कोण मोजलंच जात नाही

आता जे चौकटीत आलेच नाहीत त्यांच्याकडे वळू.

2022 सालीच, ज्या वर्षी मंत्रालय 1,68,491 म्हणतं, त्याच वर्षी गुन्हे नोंद विभाग 1,71,100 म्हणतो. आदल्या वर्षी 1,53,972 आणि 1,55,622. दोघांचीही विहीर एकच, पोलीस ठाणं. पाणी मात्र वेगवेगळं भरतंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 सालासाठी भारताचा अंदाज केला तो सुमारे 2,99,000 होता, सरकारी आकडा होता 1,50,785. हा अंदाज आपल्या सरकारला मान्य झालेला नाही, आणि अंदाज तो अंदाजच. अर्धा फरक सोडून द्या. तरी उरलेल्यात पुष्कळ माणसं आहेत.

ती कुठे हरवतात? इथूनच बघू. पुणे रस्त्यावर केडगावजवळ एका मुलाला गाडीने उडवलं. नगरच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला हलवलं. अठरा दिवसांनी ते पुण्यात गेलं. तिथे अकस्मात मृत्यूची नोंद होते, कागद इकडच्या हद्दीत पाठवले जातात. इकडे पहिल्या दिवशी ‘गंभीर जखमी’ अशी नोंद झालेली आहे. जगभर मोजायची रीत अशी, की अपघातानंतर 30 दिवसांत गेला तर तो अपघाताचा मृत्यू. त्यासाठी कुणीतरी तिसाव्या दिवशी विचारायला हवं, की तो जखमी कसा आहे? कागद वेळेत पोचले, कुणी ते जोडले, तर मूल मोजलं गेलं. नाहीतर ते आपल्या वहीत अजून जखमीच आहे. आणि दवाखान्यातून कळावं म्हणाल, तर आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाला डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण असतं.

नावाचीही अडचण आहे. केडगाव दोन आहेत. एक आपलं, रेणुकामातेचं. दुसरं दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. दोन्ही गावं पुण्याशी जोडलेली, दोन्हींकडचे जखमी पुण्यालाच जाणार. दवाखान्याच्या कागदावर नुसतं ‘केडगाव’ लिहिलं तर हे मूल कुठल्या रस्त्याच्या हिशोबात धरायचं? त्यात 2024 पासून आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. जुन्या तक्त्यात अहमदनगर, नव्यात अहिल्यानगर. माणसाला कळतं, यंत्राला सांगावं लागतं.

आणि आपल्या जिल्ह्यात हंगामात दिसणारं एक मूल आहे, ते कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. तेव्हापासून ऊसतोडीची बिऱ्हाडं येतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, वर मोळ्या, मोळ्यांवर पोरं. पाथर्डीचं नाहीतर बीडचं पोर कोपरगावला किंवा बारामतीला गेलं, तर ते कुणाचं? शाळेच्या पटावर ते गावाकडे ‘स्थलांतरित’ आहे. ज्या गावात गेलं तिथे त्याला कुणी ओळखत नाही. ‘ट्रॉलीवर बसलेलं मूल’ असा प्रकार तक्त्यात शोधून बघा.

मरणानंतरचा काळा ठिपका

आता या आकड्यांवरून काम कसं होतं ते सांगतो. ब्लॅक स्पॉट हा शब्द आता खेड्यातही पोचलाय. व्याख्या अशी, की महामार्गाच्या साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 माणसं गेली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट. मग पाहणी, मग निधी. म्हणजे दाद मागायला मरणं ही पात्रता आहे. शाळेच्या फाटकासमोर एक मूल गेलं तर ती जागा पात्र नाही. चौथं गेलं तरी काठावर नापास.

याहून वाईट सांगू? धोकादायक रस्त्यावर आकडा आपोआप कमी होतो. एक मूल गेलं की आया मुलांना पायी पाठवत नाहीत. कुणी रिक्षा लावतं, कुणी स्वतः सोडायला जातं, आणि ज्यांना दोन्ही परवडत नाही ते मुलीला सातवीनंतर घरी बसवतात. वर्षभराने तक्ता म्हणतो, इथे एकही बालमृत्यू नाही. रस्ता सुधारलेला नाही, रस्त्यावरून मुलं काढून घेतली आहेत. म्हणून नुसतं ‘किती गेले’ एवढं मोजून भागत नाही. ‘किती जण ओलांडतात’ हेही मोजावं लागतं.

आणि आपल्याला आधी मोजता येतं बरं का! नवरात्रात इथे केडगावला देवीला पहाटे किती माणसं पायी येतात, ते आपल्याला माहीत असतं. म्हणून आधीच बंदोबस्त लागतो, बॅरिकेड लागतात. तिथे कुणी म्हणत नाही, की आधी दहा जण जाऊ देत, मग बघू. नऊ दिवस आपण जे शहाणपण दाखवतो, ते शाळेच्या दोनशेवर दिवसांना का नको?

चांगलं काय झालंय

समीक्षकाने गुणही सांगावेत. 2021 पासून आयरॅड नावाची व्यवस्था आली. मद्रासच्या आयआयटीने तयार केली, आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. अंमलदार मोबाईलवर जागेवरूनच नोंद करतो, अक्षांश-रेखांश आपोआप पडतात. म्हणजे दोन केडगावांचा घोळ निदान त्या नोंदीत होणार नाही. त्यात आरटीओने वाहनाची, बांधकाम खात्याने रस्त्याची, दवाखान्याने जखमेची माहिती भरायची आहे. कल्पना उत्तम आहे. प्रत्येक अपघाताची बारीक चौकशी केली की काय होतं, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिसलंय. 2016 साली तिथे 151 मृत्यू होते, 2019 साली 92.

माझी तक्रार एवढीच, की चार खात्यांनी भरलेली ही माहिती वर जाते आणि खाली येत नाही. ज्या शाळेसमोर अपघात झाला त्या शाळेला ती वाचायला मिळत नाही. आमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका बोर्डाने पाहिल्या आणि मुलाला दाखवल्याच नाहीत, तर मूल सुधारणार कसं?

जामखेडची शिकवण

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. याच जिल्ह्यात, जामखेडला, 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. पण गावात कुठलं बाळ जन्मलं, कुठलं गेलं आणि कशाने गेलं, हे त्यांना ठाऊक असायचं, आणि ते त्या गावासमोर सांगायच्या. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेच केलं. या शतकाच्या सुरुवातीला ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला तेव्हा महाराष्ट्राला कळलं, की सरकारी वहीपेक्षा कितीतरी जास्त बाळं जातायत. त्यात शिकण्यासारखं हे आहे, की त्यांनी आईला जाऊन विचारलं. काय झालं, कधी झालं, आधी काय झालं होतं. त्या उत्तरातून उपाय निघाले. आणि आपला हिवरे बाजार तर दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतो. मोजायचं, सगळ्यांसमोर वाचायचं, मग ठरवायचं. ही रीत आपल्या जिल्ह्याची आहे.

बाहेर बघायचं तर हॉलंडमध्ये 1971 साली रस्त्यावर साधारण 3,300 माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मुलांचा तो वेगळा आकडा घेऊन लोक रस्त्यावर उतरले आणि त्या देशाचे रस्ते बदलले. ब्रिटनच्या पोलिसांच्या अपघात-फॉर्मवर एक प्रश्न असतो, प्रवास कशासाठी चालला होता, शाळेला जाताना की येताना? एवढ्या एका प्रश्नाने शाळेचा रस्ता वेगळा काढून वाचता येतो.

मग आपण काय विचारावं? मी सहा प्रश्न काढलेत. एक, वय पूर्ण वर्षांत, आणि छापतानाही तसंच. दोन, मूल कसं चाललं होतं: पायी, सायकलवर, टाकीवर, मांडीवर, रिक्षात, ट्रॉलीवर, की स्वतः चालवत. तीन, कुठून कुठे आणि कशासाठी. चार, सोबत कोण होतं, हेल्मेट किंवा पट्टा होता का. पाच, चालायला आणि ओलांडायला जागा होती का, शाळेचं फाटक किती पावलांवर. सहा, तिसाव्या दिवशी ते कसं आहे. जिवंत असेल तर शाळेत परत आलंय का?

हे विचारायचं कुणी? महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितलेली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालक, पोलीस, आरटीओ असे सदस्य. पुष्कळ ठिकाणी ती समिती कागदावर आहे. कागदावर आहे ना? मग तिला कागदाचंच काम द्या. एक वही. गेलेलं मूल, जखमी झालेलं मूल, आणि थोडक्यात वाचलेलं मूल. हे तिसरं सर्वांत महत्त्वाचं, कारण त्यात मरण लागत नाही. वर्षातून एकदा ती वही पालकसभेत वाचायची आणि एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यायची.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. वही दोष शोधायला वापरली तर लोक खोटं सांगतील. आजही मुलगा चालवत असेल तर ‘काका चालवत होते’ असं लिहिलं जातं, विम्यासाठी, गुन्ह्याच्या भीतीने. इथल्या प्रत्येकाला अशी एखादी गोष्ट माहीत आहे. म्हणून गुन्ह्याचा कागद आणि शिकण्याचा कागद वेगळे ठेवायला हवेत. शिकण्याच्या कागदावर नाव नको, घटना हवी.

गेल्या वर्षी मी त्या शाळेत गेलो होतो. रजिस्टर मागून घेतलं. ‘मयत’ हा शब्द एकापेक्षा जास्त वेळा सापडला. काही ठिकाणी कोण, कशाने, ते आठवलं. काही ठिकाणी नुसतं अक्षर ओळखीचं वाटलं. रजिस्टरमध्ये आता भर घालता येत नाही, नियम आहे आणि तो बरोबर आहे. मी घरी येऊन एका साध्या वहीत लिहून काढलं: वेळ, एस.टी., ट्रॉली, पलीकडचा थांबा. ते तेव्हाच लिहून एस.टी.च्या आगारात नेऊन दिलं असतं, तर थांबा हलला असता की नाही, सांगता येत नाही. पण मी दिलं नाही, एवढं खरं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, आकडे जमवण्यापेक्षा सरळ गतिरोधक टाका ना. वही कशाला?*

टाकाच. शाळेसमोर गतिरोधक टाकायला कुठल्याही वहीची वाट बघू नका. पण आज गतिरोधक कुठे पडतो? जिथे रास्ता रोको झाला तिथे. ज्या वस्तीला रास्ता रोको करता येतो तिथे. ऊसतोडीच्या कोपीसमोर कधी पडलेला पाहिलाय? वहीचा उपयोग त्यांना आहे ज्यांच्या मागे गर्दी नाही.

*प्रश्न: पुष्कळदा चूक मुलाचीच असते. मुलं पळतात, बघत नाहीत. ते कुठे लिहायचं?*

ताई, तेही लिहायचं. ‘पळत होता’ असं लिहायचं, आणि पुढे ‘का पळत होता’ तेही लिहायचं. आठ वर्षांच्या पोराला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर आपल्यासारखं जोखता येत नाही, त्याचं वयच तेवढं असतं. वर्गात मूल चुकलं तर आपण पुन्हा शिकवतो. रस्त्यावर त्याला चुकायची एक संधी मिळेल एवढी तरी जागा आपण ठेवली पाहिजे. आणि ती कुठे ठेवायची, हे कळायला त्याचं वय माहीत हवं. म्हणून तर ही सगळी रकान्याची भानगड.